अंधारातली चित्रं : प्राचीन इजिप्तची कला आणि तिच्यामागची श्रद्धा

कैरोच्या दक्षिणेला सक्काराच्या वाळवंटात जोसेर राजाचा पायऱ्यापायऱ्यांचा पिरॅमिड उभा आहे. इ.स.पू. २६५० च्या आसपास बांधलेली ही इजिप्तमधली पहिली भव्य दगडी वास्तू. तिच्या उत्तर बाजूला एक छोटी दगडी खोली चिकटलेली आहे. तिला दार नाही. पुढच्या भिंतीत मात्र शेजारी शेजारी दोन गोल भोकं आहेत आणि आत, भोकांकडे तोंड करून, जोसेरचा चुनखडीत घडवलेला पुतळा बसवलेला होता. मूळ पुतळा आता कैरोच्या संग्रहालयात आहे. जागेवर त्याची प्रतिकृती ठेवली आहे.

आज पर्यटक त्या भोकांना डोळा लावून आत पाहतात. पण भोकं ठेवली होती ती आतल्या राजासाठी. उत्तरेच्या आकाशात कधीच न मावळणारे तारे आहेत, ते त्याला दिसावेत. बाहेर कोणी धूप जाळला, तर त्याचा वास त्याच्यापर्यंत पोचावा. पुतळा कोणी पाहावा, वाखाणावा, ही अपेक्षाच नव्हती. इजिप्तच्या कलेबद्दल काहीही समजून घ्यायचं, तर सुरुवात इथून करावी लागते. जगभरच्या संग्रहालयांत आज दिव्यांच्या झोतात ठेवलेल्या या वस्तूंपैकी बऱ्याचशा घडवल्या गेल्या त्या कायमच्या अंधारात ठेवण्यासाठी. थडगं बंद झालं, वाट दगडमातीने बुजवली, की तिथली चित्रं माणसाच्या नजरेला पुन्हा पडायची नव्हती. तरीही त्यांत कुठे हात आखडलेला दिसत नाही. कारण त्या चित्रांना काम होतं.

ते काम समजण्यासाठी मृत्यूविषयीची त्यांची कल्पना पाहायला हवी. माणूस म्हणजे शरीर आणि आत्मा अशी सोपी दुहेरी विभागणी त्यांच्याकडे नव्हती. ‘का’ ही जन्मासोबत येणारी जीवनशक्ती. तिला मेल्यानंतरही अन्नपाणी लागायचं. ‘बा’ हा माणसाच्या डोक्याचा पक्षी. तो दिवसा थडग्याबाहेर उडायचा आणि रात्री देहाकडे परत यायचा. माणसाचं नाव, माणसाची सावली, हेही त्याचेच भाग. या सगळ्यांना टेकायला देह हवा, म्हणून ममी. पण देह कुजू शकतो, चोर तो फोडू शकतात. मग दुसरी सोय म्हणून पुतळा, ज्यावर नाव कोरलेलं असे. ‘का’ला जागा हवी, ती पुतळ्यात मिळाली. चेहरा हुबेहूब असलाच पाहिजे असं नव्हतं. नाव मात्र हवंच. नावाविना पुतळा म्हणजे नुसता दगड.

अन्नाचीही अशीच पक्की तजवीज केलेली असे. मुलं-नातवंडं काही पिढ्या थडग्यावर नैवेद्य आणतील, मग विसरतील, हे त्या लोकांना चांगलंच ठाऊक होतं. म्हणून भिंतींवर भाकऱ्या, बदकं, कांद्याच्या जुड्या, बैलाच्या तंगड्या रंगवल्या. धान्य पेरणारे, कणीक मळणारे, बिअर गाळणारे लोक कोरले. सोबत ठरलेला मंत्र लिहिला : हजार भाकरी, हजार घडे बिअर, हजार बैल, हजार पक्षी. हे शब्द कोणी मोठ्याने उच्चारले, की वस्तू मृताला पोचत. काही थडग्यांच्या दर्शनी भागावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना उद्देशून विनंतीही कोरलेली आहे, की बाबा, तुझं काही खर्च होत नाही, नुसतं तोंडाने म्हण. मला या सगळ्या व्यवस्थेत भक्तीपेक्षा व्यवहारी धोरण अधिक दिसतं. आपल्या माणसांवर प्रेम आहे, पण त्यांच्या स्मरणशक्तीवर फार भिस्त ठेवायची नाही!

या कलेची शैली कशी ठरत गेली? त्याचा सर्वांत बोलका पुरावा नार्मेर राजाच्या शिलापट्टावर आहे. सुमारे इ.स.पू. ३१०० चा हा पट्ट हायराकॉनपोलिस इथे १८९७-९८ च्या उत्खननात सापडला. वरचा (दक्षिणेकडचा) आणि खालचा (उत्तरेकडचा) इजिप्त एका राजाखाली येण्याच्या काळातली ही वस्तू. तिच्यावर राजा शत्रूचे केस एका हातात धरून दुसऱ्या हातात गदा उगारून उभा आहे. राजा सर्वांत मोठा, सेवक लहान, शत्रू पायदळी. डोकं बाजूने, डोळा समोरून, खांदे समोरून, पाय पुन्हा बाजूने. चित्रं ओळीओळींत मांडलेली. पुढच्या तीन हजार वर्षांत जे नियम पाळले जाणार होते, त्यांतले बहुतेक इथे हजर आहेत. गदा उगारलेली ती मुद्रा तर एदफूच्या मंदिराच्या प्रवेशद्वारावर बाराव्या टॉलेमीच्या रूपातही भेटते. टॉलेमी घराणं मुळात मॅसिडोनियन. हा राजा इ.स.पू. पहिल्या शतकातला, क्लिओपात्राचा बाप. त्याने तसे कोणाचे केस धरून टाळकं फोडल्याचं इतिहासाला माहीत नाही. पण प्रश्न त्याच्या पराक्रमाचा नव्हताच. विश्वाची घडी नीट ठेवणं, म्हणजे ‘मात’ राखणं, हे राजाचं कर्तव्य होतं, आणि गोंधळ, अराजक कायम सीमेवर दबा धरून बसलेलं असे. मंदिराच्या दारावर राजा शत्रूला मारताना कोरला, की ते अराजक आत येत नाही. कोरीव कामातला राजा रोज पहारा देत असे.

डोकं बाजूने आणि खांदे समोरून काढण्याच्या पद्धतीला पूर्वी अनेकांनी अडाणीपणा ठरवलं होतं. या कलाकारांना खोली दाखवता येत नव्हती, म्हणे. पण त्याच हातांनी मेदूमच्या नेफरमात आणि इतेत यांच्या थडग्यात बदकांची अशी रांग रंगवली आहे की पंखांवरच्या खुणांवरून जात ओळखू यावी. हे काम चौथ्या राजघराण्याच्या काळातलं, साडेचार हजार वर्षांपूर्वीचं. तेव्हा दृष्टी अधू नव्हती, उद्देश वेगळा होता. चित्रातला माणूस पुढच्या जगात जिवंत व्हायचा असेल, तर त्याचा प्रत्येक अवयव पूर्ण आणि ओळखू येईल असा हवा. डोळा समोरून पूर्ण दिसतो, नाक बाजूने, म्हणून तसं. एक हात अंगामागे लपला, तर तो माणूस अनंतकाळ एका हाताचा राहील, ही भीती खरी होती.

ही भीती किती खरी होती ते लिपीत दिसतं. त्यांची चित्रलिपी म्हणजे चित्रंच. सापाचं चिन्ह म्हणजे साप. पिरॅमिडच्या आतल्या भिंतींवर मंत्र कोरण्याची प्रथा उनास राजापासून, इ.स.पू. २३५० च्या सुमारास सुरू झाली. मृतदेहाच्या इतक्या जवळ जिवंत होऊ शकणारे प्राणी कोरायचे म्हणजे धोकाच. मग त्या काळच्या पिरॅमिडांतल्या लेखनात माणसांची चिन्हं टाळलेली किंवा अर्धवट ठेवलेली, हिंस्र प्राणी मधोमध तोडलेले आढळतात. पुढे मध्य राज्यकाळाच्या (सुमारे इ.स.पू. २०५० ते १६५०) अखेरीस काही थडग्यांत पक्ष्यांची चिन्हं पायांविनाच लिहिली गेली, म्हणजे ते चालत येऊन नैवेद्य खाऊन टाकणार नाहीत. शब्द वाचता यायला हवा, पण अक्षर चावायला नको.

अर्थात नुसती मूर्ती घडवून भागत नसे. तिच्यावर ‘मुखोद्घाटना’चा विधी करावा लागे. पुरोहित तासणीसारखं हत्यार मूर्तीच्या तोंडाला लावत, मंत्र म्हणत, धूप दाखवत. त्यानंतर ती श्वास घेऊ शके, पाहू शके, खाऊ शके. हाच विधी ममीवरही होई. तुतनखामून राजाच्या दफनगृहाच्या भिंतीवर त्याचा वारस, आय नावाचा राजा, बिबट्याचं कातडं पांघरून तुतनखामूनच्या ममीवर हा विधी करताना रंगवला आहे. मराठी वाचकाला इथे प्राणप्रतिष्ठा आठवल्याशिवाय राहणार नाही, आणि साम्य आहेही. फरक शेवटाशी आहे. आपण गणपतीत प्राण आणतो आणि उत्तरपूजा करून त्याला निरोपही देतो. त्यानंतर मूर्ती माती असते. इजिप्तच्या मूर्तीला विसर्जन नव्हतं. एकदा जागी केली की ती कायमची जागी. म्हणूनच ग्रॅनाइट, डायोराइटसारखा कठीणातला कठीण दगड. म्हणूनच हातपाय मोडू नयेत अशी अंगाला चिकटलेली घडण, पाठीला टेकू देणारा दगडी खांब.

दगडाइतकाच विचार रंगाचा. काळा म्हणजे पुराने आणलेल्या गाळाचा, पर्यायाने सुपीकतेचा रंग. हिरवा कोवळ्या पिकाचा. मरून पुन्हा उठणाऱ्या ओसायरिस या परलोकाच्या देवाचा चेहरा म्हणून हिरवा किंवा काळा. देवांचं मांस सोन्याचं, हाडं चांदीची, केस लाजवर्द या निळ्या दगडाचे, अशी समजूत होती. तो दगड अफगाणिस्तानातून यायचा, फार महाग पडे; मग वाळू, चुना आणि तांबं भट्टीत एकत्र तापवून त्यांनी कृत्रिम निळा रंग बनवला, जो माणसाने तयार केलेल्या सर्वांत जुन्या रंगद्रव्यांपैकी एक आहे. तुतनखामूनचा मुखवटा आपण श्रीमंतीचा कळस म्हणून पाहतो. दहा किलोहून अधिक सोनं आहे त्यात, हे खरं. पण सोन्याचा चेहरा ही मेलेल्या राजाची देवांमध्ये झालेली भरती आहे, आणि मुखवट्याच्या मागच्या बाजूला मृतांच्या मंत्रसंग्रहातला रक्षणमंत्र कोरला आहे, जो उताण्या झोपलेल्या राजाच्या पाठीमागे कोणालाही दिसणार नव्हता.

मंदिरंही याच तर्काने बांधली. कर्नाकच्या मंदिरातल्या मोठ्या सभामंडपातले १३४ खांब म्हणजे सृष्टीच्या आरंभीची दलदल, तिच्यातले पपायरस या पाणवनस्पतीचे दांडे. छत म्हणजे आकाश. गाभाऱ्याकडे जाताना जमीन चढत जाते, छत खाली येतं, उजेड आटतो. शेवटी एका अंधाऱ्या खोलीत देवाची मूर्ती. सामान्य माणूस तिथवर जात नसे. पुरोहित रोज पहाटे दार उघडून मूर्तीला आंघोळ घालत, वस्त्रं नेसवत, नैवेद्य दाखवत. भिंतींवरच्या चित्रांत मात्र हे सगळं करताना पुरोहित दिसतच नाही, राजाच दिसतो. देवाशी बोलण्याचा अधिकार राजाचा. पुरोहित त्याचे बदली. एखाद्या दिवशी पुरोहित आलाच नाही, तरी भिंतीवरचा राजा पूजा करतच होता.

हे घडवणारे कोण होते? थीब्ज नगरीसमोर, नाईलच्या पश्चिम काठावर देइर अल-मदिना नावाचं कारागिरांचं गाव होतं. राजांच्या खोऱ्यातली थडगी त्यांनीच खोदली, रंगवली. काम कसं चाले, ते होरेमहेब राजाच्या अर्धवट राहिलेल्या थडग्यात उघड दिसतं : आधी तांबड्या रेषांची चौकट, तिच्यात तांबडं रेखाटन, त्यावर मुख्य चित्रकाराने काळ्या रंगाने केलेल्या दुरुस्त्या, मग कोरीव काम, मग रंग. मध्य आणि नव्या राज्यकाळात (नवा म्हणजे सुमारे इ.स.पू. १५५० ते १०७०) उभा माणूस तळपायापासून केसांच्या रेषेपर्यंत १८ चौकोनांत बसवत. ही टोळीने करायची कामं, त्यावर सही कोणाची नसे. मात्र ही भाबडी, देवभोळी माणसं होती असं समजू नये. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या २९व्या वर्षी धान्याचा शिधा थकला, तेव्हा याच कारागिरांनी हत्यारं खाली ठेवली आणि मंदिरांपाशी जाऊन बसले. लेखी नोंद असलेला हा जगातला बहुधा पहिला संप.

आणि सवडीत त्यांनी आपली स्वतःची थडगीही रंगवली. सेनेजेम नावाच्या कारागिराचं थडगं १८८६ मध्ये सापडलं. त्याच्या भिंतीवर परलोकातली ‘बोरूची शेतं’ आहेत : सेनेजेम नांगर धरतो आहे, बायको मागून बी टाकते आहे, दोघं पांढऱ्याशुभ्र मलमलीत, पीक डोक्याएवढं. परलोकातही शेतावर राबावं लागणार, ही कल्पना त्यांना टाळता आली नाही. पण तिच्यावर उपाय काढला. थडग्यात छोट्या बाहुल्या ठेवायच्या, त्यांच्यावर मंत्र लिहायचा. मालकाला कामाला बोलावलं, की बाहुलीने म्हणायचं, ‘मी आहे’. तुतनखामूनकडे अशा ४१३ बाहुल्या होत्या.

परलोक पूर्वी मुख्यतः राजाची मक्तेदारी होती. पिरॅमिडच्या भिंतींवरचे मंत्र पुढे सरदारांच्या शवपेट्यांवर आले आणि नव्या राज्यकाळात पपायरसपासून केलेल्या कागदाच्या गुंडाळ्यांवर, ज्यांना आपण ‘मृतांचं पुस्तक’ म्हणतो. यांतल्या काही तयारच मिळत, नावाची जागा मोकळी सोडलेली. विकत घेणाऱ्याचं नाव नंतर भरायचं. इ.स.पू. १२५० च्या सुमाराची अनी या लेखनिकाची गुंडाळी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यातला न्यायनिवाड्याचा प्रसंग सुपरिचित आहे : तराजूच्या एका पारड्यात अनीचं हृदय, दुसऱ्यात ‘मात’चं पीस, कोल्ह्याच्या तोंडाचा देव अनुबिस काटा पाहतो, लेखनाचा देव थॉथ निकाल लिहितो, आणि मगर-सिंह-पाणघोडा यांच्या मिश्रणातून झालेली अम्मीत हृदय खायला टपलेली. चित्रात तराजू नेहमी समतोल असतो. तसा तो काढणं हाच त्या चित्राचा हेतू. जे रंगवलं, तेच घडणार.

एवढी घट्ट विणलेली व्यवस्था एकदाच हादरली. चौथा आमेनहोतेप इ.स.पू. १३५३ च्या सुमारास गादीवर आला, काही वर्षांत त्याने स्वतःचं नाव अखेनातेन असं केलं, आतेन या सूर्यबिंबालाच मानलं आणि अमार्ना इथे नवी राजधानी वसवली. देव बदलला तशी रेषाही बदलली. राजाची लांबोडकी हनुवटी, सुटलेलं पोट, बारीक पोटऱ्या. मांडीवर मुली, राजाराणी एकमेकांकडे पाहताहेत. बेक नावाच्या मूर्तिकाराने आस्वानच्या शिलालेखात लिहून ठेवलं आहे की मला स्वतः महाराजांनी शिकवलं. आतेनला माणसाचा चेहरा नाही. तबकडीतून किरण निघतात, किरणांच्या टोकाला इवले हात, आणि ते हात जीवनचिन्ह देतात फक्त राजाला आणि राणीला. बाकीच्यांचं काय? अमार्नाच्या अधिकाऱ्यांच्या थडग्यांत गेलं तर उत्तर मिळतं. तिथे भिंती भरून राजकुटुंब आहे, मेलेला माणूस कोपऱ्यात. ओसायरिस नाही, तराजू नाही, बोरूची शेतं नाहीत. अमार्ना शैलीचं ‘मोकळी’, ‘मानवी’ म्हणून कौतुक करण्याची रीत आहे. मला वाटतं, सामान्य माणसाच्या वाट्याला आलेला परलोक तिने काढून घेतला, ही बाजू त्या कौतुकात हरवते.

अखेनातेनची माणसं देशभर फिरून आमून देवाचं नाव खोडत होती. ब्रिटिश म्युझियममध्ये नेबामून या धान्यहिशेबनिसाच्या थडग्यातली चित्रं आहेत. दलदलीत पक्ष्यांची शिकार करणारा नेबामून, बायको, मुलगी आणि तोंडात, पंजांत पक्षी पकडलेलं मांजर, ज्याच्या डोळ्यात सोन्याचा वर्ख भरला आहे. त्याच्या नावात ‘आमून’ आहे, म्हणून त्या अक्षरांवर घाव पडले. खाजगी माणसाचं थडगं, त्यातली चार चिन्हं, तीही सुटली नाहीत. मग अखेनातेन गेला आणि फासे उलटले. त्याच्या मंदिरांचे दगड होरेमहेबने उपसून कर्नाकच्या नव्या प्रवेशद्वारांच्या पोटात भराव म्हणून टाकले. त्यामुळेच ते हजारोंनी टिकले, आणि आज पुन्हा जुळवता येतात. अखेनातेनची राणी नेफरतिती हिचा प्रसिद्ध अर्धपुतळा अमार्नाच्या थुतमोस या मूर्तिकाराच्या कार्यशाळेत राहून गेला. तो जर्मन पुरातत्त्वज्ञ लुडविग बोर्खार्टच्या चमूला ६ डिसेंबर १९१२ रोजी सापडला आणि आता बर्लिनमध्ये आहे.

मूर्ती जिवंत असेल, तर तिला मारताही येतं. हातशेपसुत राणीच्या प्रतिमा तिच्यानंतर राज्य करणाऱ्या तिसऱ्या थुतमोसच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात फोडल्या गेल्या. किती तरी पुतळ्यांची नाकं गेलेली दिसतात. पडझडीने काही गेली असतील, पण सपाट भिंतीवरच्या उठावातलं नेमकं नाकच छिन्नीने उडवलेलं असतं, तेव्हा हेतू कळतो : श्वास बंद. नैवेद्य घेणारा हात तोडला, की उपासमार. त्याहून सोयीचा मार्ग दुसऱ्या रामसेसने वापरला. जुन्या राजांच्या पुतळ्यांवरची नावं खोडून त्याने आपली घातली. चेहरा तोच राहिला तरी बिघडत नव्हतं, नाव बदललं की पुतळा त्याचा.

हा सगळा विश्वास ग्रीक आणि रोमन राज्यकर्त्यांनीही जवळजवळ तसाच चालू ठेवला. इजिप्तच्या फायूम भागातल्या ममींवर इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून लाकडी फळीवर रंगवलेले, थेट आपल्याकडे पाहणारे चेहरे आले. शैली भूमध्य समुद्रापलीकडची, काही रंगवलेले वितळलेल्या मेणात. पण ते बांधले जात होते जुन्याच जागी, ममीच्या तोंडावर. चित्रलिपीतला शेवटचा ज्ञात लेख फिले बेटावरच्या मंदिरात २४ ऑगस्ट ३९४ रोजी कोरला गेला. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने ते मंदिर बंद केलं आणि त्याच्या सभामंडपात संत स्टीफनचं चर्च झालं. भिंतीवरच्या देवतांवर तिथे हातोडे चालले. सगळ्या भिंती तासून काढणं जमण्यासारखं नव्हतं, त्याची गरजही वाटली नसावी. अनेक ठिकाणी घाव पडले ते चेहऱ्यांवर आणि हातापायांवर. नव्या धर्माच्या लोकांना त्या मूर्तींत देव दिसत नव्हता, पण सैतान दिसत होता, आणि त्याचे डोळे फोडायला हवेत एवढं त्यांनाही पटलेलं होतं.